ई की झेड? धातू-उत्प्रेरक वापरून दुहेरी बंधाची भूमिती हवी तशी घडवण्याची रीत

सेंद्रिय संश्लेषण शिकणारा विद्यार्थी कार्बन-कार्बन बंध जोडायला लवकर शिकतो. त्या बंधाची अवकाशातील मांडणी आपल्या ताब्यात ठेवायला मात्र त्याला बराच वेळ लागतो. अल्कीनच्या, म्हणजे कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेल्या संयुगांच्या, बाबतीत ही अडचण विशेष जाणवते. दुहेरी बंधाभोवती फिरण्यासाठी सुमारे ६५ किलोकॅलरी प्रति मोल इतकी ऊर्जा लागते, त्यामुळे ई (दुहेरी बंधाच्या दोन टोकांवरचे अग्रक्रमाचे गट विरुद्ध बाजूंना) आणि झेड (ते एकाच बाजूला) हे दोन समघटक नेहमीच्या तापमानाला आपणहून एकमेकांत बदलत नाहीत आणि दोन स्वतंत्र संयुगे म्हणून वागतात. ओलेइक आम्लातील दुहेरी बंध झेड आहे आणि ते १३ ते १४ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. त्याचा ई-समघटक असलेले इलायडिक आम्ल वितळायला सुमारे ४५ अंश लागतात. स्तनाच्या कर्करोगावर दिले जाणारे टॅमॉक्सिफेन हे झेड-समघटकाच्या रूपातच औषध म्हणून वापरले जाते. रेशीमकिड्याची मादी नराला बोलावण्यासाठी सोडते त्या बॉम्बिकॉलमध्ये शेजारी-शेजारी दोन दुहेरी बंध असतात, त्यांपैकी एक ई आणि दुसरा झेड.

हा लेख धातू-उत्प्रेरकांपुरता मर्यादित आहे. विटिग, ज्युलिया यांसारख्या धातू-उत्प्रेरकाविना होणाऱ्या अभिक्रिया तितक्याच उपयोगी आहेत, पण त्यांचे तर्कशास्त्र वेगळे असल्याने त्या येथे घेतलेल्या नाहीत. पुढील पायऱ्या वाचताना एक गोष्ट सतत समोर ठेवावी: हवी ती भूमिती घडवणे हे एक काम आहे आणि घडलेली भूमिती त्याच फ्लास्कमध्ये अभिक्रिया संपेपर्यंत टिकवणे हे दुसरे. नवखे लोक पहिल्या कामासाठी उत्प्रेरकांची यादी धुंडाळतात आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष करतात. प्रत्यक्षात बिघडलेली प्रमाणे अनेकदा दुसऱ्याच कामातून आलेली असतात.

पहिली पायरी: भूमिती कोण ठरवणार आहे, हे आधी ठरवा

उत्प्रेरक निवडण्यापूर्वी कागदावर रेणू काढून स्वतःला एकच प्रश्न विचारावा: या दुहेरी बंधाची भूमिती नेमकी कशामुळे ठरणार आहे? उत्तरे तीनच प्रकारची असतात.

पहिला प्रकार समतोलाचा. दोन्ही समघटक एकमेकांत बदलू शकतील अशी परिस्थिती असेल, तर अधिक स्थिर समघटक, म्हणजे बहुधा ई, जास्त प्रमाणात उरतो. येथे नवख्याची अपेक्षा फार मोठी असते आणि निसर्ग तेवढे देत नाही. सिस-२-ब्यूटीन आणि ट्रान्स-२-ब्यूटीन यांच्या स्थिरतेतील फरक जेमतेम १ किलोकॅलरी प्रति मोल आहे. २५ अंश सेल्सिअसला १ किलोकॅलरीच्या फरकातून साधारण ८४:१६ एवढेच प्रमाण मिळते. २ किलोकॅलरीच्या फरकातून ९७:३ आणि ३ किलोकॅलरीच्या फरकातून ९९:१ च्या पलीकडचे. म्हणजे साध्या, सरळ साखळीच्या अल्कीनमध्ये केवळ समतोलावर विसंबून शुद्ध ई-समघटक मिळत नाही. स्टिल्बीन किंवा सिनॅमिक एस्टर यांसारख्या संयुगांत मात्र झेड-समघटकातील गर्दीमुळे हा फरक बराच मोठा असतो आणि तेथे समतोल खरोखर उपयोगी पडतो.

दुसरा प्रकार गतीचा. अभिक्रियेच्या ज्या टप्प्यात दुहेरी बंध तयार होतो, त्या टप्प्याची यंत्रणाच एका समघटकाला वाट देते आणि दुसऱ्याला अडवते. अल्काइनच्या तिहेरी बंधावर दोन्ही हायड्रोजन धातूच्या एकाच बाजूने आले, तर झेड-अल्कीन मिळते, मग ते स्थिर असो वा नसो. वर दिलेली आकडेवारी येथेही लागू पडते. फक्त फरक दोन संक्रमण अवस्थांच्या ऊर्जेतील असतो आणि तो योग्य लिगँड (धातूला जोडलेला गट) निवडून वाढवता येतो.

तिसरा प्रकार वारशाचा. दुहेरी बंध आधीच तयार आहे, त्याची भूमिती आधीच ठरलेली आहे आणि धातूचे काम फक्त त्याला धक्का न लावता एक नवा गट जोडणे एवढेच आहे. व्हिनिल हॅलाइड किंवा व्हिनिल बोरोनेट (दुहेरी बंधाच्या कार्बनवर हॅलोजन किंवा बोरॉन असलेली संयुगे) वापरून केलेले कपलिंग, म्हणजे दोन तुकड्यांची जोडणी, या प्रकारात मोडते. माझ्या मते लांबलचक संश्लेषणात हाच मार्ग सर्वांत भरवशाचा आहे, कारण भूमितीचा प्रश्न लहान आणि स्वस्त रेणूवर आधीच सुटलेला असतो आणि मौल्यवान रेणूवर जुगार खेळावा लागत नाही.

दुसरी पायरी: अल्काइनपासून झेड-अल्कीन

सुरुवात येथूनच करावी. हर्बर्ट लिंडलर यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेला उत्प्रेरक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटवर बसवलेले आणि शिशाच्या क्षाराने मुद्दाम मंद केलेले पॅलेडियम. त्यात बहुधा थोडे क्विनोलिन घालतात, म्हणजे पॅलेडियम आणखी मंदावते. हे कशासाठी, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. शुद्ध पॅलेडियम अल्काइनला अल्कीनवर थांबू देत नाही, थेट अल्केनपर्यंत नेते. मंद केलेल्या पृष्ठभागावर अल्काइन अल्कीनपेक्षा घट्ट चिकटते आणि जोवर अल्काइन शिल्लक आहे तोवर तयार झालेल्या अल्कीनला पृष्ठभागावर जागा मिळत नाही. लिंडलरची सारी निवडकता या एका गोष्टीवर उभी आहे आणि तिचा शेवट कोठे होतो हेही यातच दडलेले आहे: अल्काइन संपले की संरक्षण संपले.

उदाहरणादाखल ३-हेक्झाइन-१-ऑल घेऊ. याच्या आंशिक हायड्रोजनीकरणातून झेड-३-हेक्झीन-१-ऑल मिळते. नुकत्याच कापलेल्या गवताचा हिरवा वास याच संयुगाचा, आणि सुगंधी द्रव्यांच्या उद्योगात ते मोठ्या प्रमाणावर बनवले जाते. अल्काइनचा रेणुभार ९८ आहे, म्हणून ०.९८ ग्रॅम म्हणजे १० मिलीमोल. यासाठी १० मिलीमोल हायड्रोजन लागेल, म्हणजे २५ अंशांना आणि एका वातावरणाच्या दाबाला सुमारे २४५ मिलीलिटर. हा आकडा वहीत आधी लिहून ठेवावा. फुग्यातून हायड्रोजन देण्याची पद्धत सोपी असली तरी तिच्यात किती वायू खपला ते कळत नाही. नवख्याने पहिल्यांदा वायू-ब्युरेट जोडावी, असा माझा आग्रह आहे.

फ्लास्कमध्ये ५० ते १०० मिलिग्रॅम लिंडलर उत्प्रेरक, त्याच्या वजनाइतकेच क्विनोलिन आणि हेक्झेन किंवा एथिल ॲसिटेट यांसारखा द्रावक घ्यावा. द्रावक घालण्याआधी फ्लास्कमधील हवा नायट्रोजनने काढून टाकावी, कारण कोरडे पॅलेडियम, द्रावकाची वाफ आणि हवा एकत्र आली तर ठिणगी पडू शकते. नंतर अल्काइन घालून नायट्रोजनच्या जागी हायड्रोजन आणावा आणि ढवळणे जोरात ठेवावे. ढवळणे मंद असेल तर द्रवात हायड्रोजन पुरेसा विरघळत नाही, मग अभिक्रियेचा वेग उत्प्रेरकावर अवलंबून न राहता ढवळण्यावर अवलंबून राहतो आणि एका दिवशीचा निकाल दुसऱ्या दिवशी जुळत नाही.

आता लक्ष ब्युरेटवर ठेवावे. खप साधारण २०० मिलीलिटरपर्यंत पोहोचला की दर काही मिनिटांनी थोडा नमुना काढून गॅस क्रोमॅटोग्राफ किंवा एनएमआरमध्ये पाहावा. केवळ टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर) विसंबू नये. अल्काइन आणि अल्कीन यांचे डाग बहुधा एकाच उंचीवर येतात आणि परमँगनेटमध्ये दोन्ही रंगतात. काही उत्प्रेरकांच्या बाबतीत हायड्रोजनचा खप अल्काइन संपताच स्पष्टपणे मंदावतो, काहींच्या बाबतीत मंदावत नाही. म्हणून खपाच्या वेगातील बदल हा इशारा समजावा, पुरावा समजू नये. एक ते दोन टक्के अल्काइन उरलेले असतानाच थांबणे बहुतेक वेळा शहाणपणाचे ठरते, कारण उरलेले अल्काइन पुढे वेगळे करता येते, पण झेडमध्ये मिसळलेला ई वेगळा करणे फार कष्टाचे असते. थांबवताना हायड्रोजनच्या जागी पुन्हा नायट्रोजन भरावा आणि सेलाइटमधून गाळताना गाळणीवरचा उत्प्रेरक कोरडा पडू देऊ नये.

लिंडलरचे प्रत्येक उत्पादन सारखे नसते आणि जुनी बाटली नव्या बाटलीसारखी वागत नाही. त्याला पर्याय म्हणून पी-२ निकेल वापरता येते. एथेनॉलमधील निकेल ॲसिटेटवर सोडियम बोरोहायड्राइड टाकून ते त्याच फ्लास्कमध्ये ताजे तयार करतात आणि त्यात थोडे एथिलीनडायअमीन घालतात. आतील तिहेरी बंधावर त्याची झेड-निवडकता उत्कृष्ट असते आणि दरवेळी ताजे बनवल्यामुळे जुन्या बाटलीचा प्रश्नच राहत नाही.

तिसरी पायरी: अल्काइनपासून ई-अल्कीन

हे काम अधिक अवघड आहे, कारण धातूच्या पृष्ठभागावरून हायड्रोजन एकाच बाजूने येतात आणि ई मिळवण्यासाठी ते विरुद्ध बाजूंनी यायला हवेत. द्रवरूप अमोनियात उणे ३३ अंशांना सोडियम वापरून हे जुन्या काळापासून केले जाते, पण तेथे सोडियम उत्प्रेरक नसून स्वतः खर्च होणारा अभिकारक असतो आणि रेणूतील बेंझिल ईथर, ॲरोमॅटिक कडी, हॅलाइड यांना त्याचा मार बसतो. त्रिबंधाशेजारच्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट असेल, तर लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइड किंवा रेड-अल यांनी ई-अलिल अल्कोहोल सहज मिळते. ही सोय असेल तर रुथेनियमच्या वाटेला जाण्याची गरज नाही.

ही सोय नसेल तेव्हा रुथेनियम कामी येते. पेंटामेथिल-सायक्लोपेंटाडायेनिल गट असलेल्या धनभारित रुथेनियम संकुलाच्या साहाय्याने ट्राय-एथॉक्सीसायलेन अल्काइनवर विरुद्ध बाजूंनी जोडता येते. त्यानंतर फ्लोराइड आणि कॉपर आयोडाइड वापरून सिलिकॉनचा गट काढून त्या जागी हायड्रोजन आणला की ई-अल्कीन मिळते. दोन टप्पे लागतात, पण दोन्ही सौम्य आहेत आणि कीटोन, एस्टर, इतर दुहेरी बंध असे गट टिकून राहतात.

येथे नावांबाबत एक सापळा आहे आणि तो नीट पाहून ठेवण्यासारखा आहे. आर-गट आणि आर-डॅश-गट असलेले अल्काइन घ्या. सिलिकॉन आणि हायड्रोजन विरुद्ध बाजूंनी जोडले गेले, म्हणजे सिलिकॉन आर-डॅशच्या बाजूला आला आणि मूळ साखळीचे दोन तुकडे, आर आणि आर-डॅश, एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना गेले. पण अग्रक्रमाच्या नियमांत सिलिकॉन कार्बनच्या वर असल्याने या व्हिनिलसायलेनचे नाव झेड ठरते. आता सिलिकॉनच्या जागी, भूमिती तशीच ठेवून, हायड्रोजन आला की तेच संयुग ई-अल्कीन होते. झेडपासून ई मिळाले हे पाहून भूमिती उलटली असा निष्कर्ष काढणारे अनेक असतात. रेणूत काहीच उलटलेले नाही, फक्त अग्रक्रम बदलला आहे. म्हणून वहीत अक्षराऐवजी नेहमी चित्र काढावे आणि चित्रावरूनच विचार करावा.

२०१३ मध्ये फ्युर्स्टनर यांच्या गटाने हेच काम एका टप्प्यात, थेट हायड्रोजन वायूने, करून दाखवले. त्याच कुळातील रुथेनियम संकुल आणि चांदीचा ट्रायफ्लेट यांच्या साहाय्याने आतील अल्काइनचे ट्रान्स-हायड्रोजनीकरण होते. पद्धत देखणी आहे, पण अतिरिक्त हायड्रोजनीकरण आणि दुहेरी बंध साखळीवर सरकणे हे दोन उपद्रव तिच्याबरोबर येऊ शकतात, त्यामुळे पहिल्या प्रयत्नातच ती मौल्यवान रेणूवर लावू नये.

चौथी पायरी: वारशाने आलेली भूमिती

टर्मिनल अल्काइनवर (तिहेरी बंध साखळीच्या टोकाला असलेल्या अल्काइनवर) बोरॉन आणि हायड्रोजन एकाच बाजूने जोडले गेले की ई-व्हिनिल बोरोनेट मिळते. पिनाकोलबोरेनबरोबर श्वार्ट्झ अभिकारक, म्हणजे झिर्कोनोसीन क्लोरो-हायड्राइड, थोड्या प्रमाणात घातल्यास ही अभिक्रिया सौम्य परिस्थितीत होते. तोच श्वार्ट्झ अभिकारक पूर्ण प्रमाणात वापरून नंतर आयोडीन घातले तर ई-व्हिनिल आयोडाइड मिळते. झेड-व्हिनिल बोरोनेट हवे असेल, तर इलेक्ट्रॉन-समृद्ध फॉस्फीन असलेल्या ऱ्होडियम उत्प्रेरकावर ट्रायएथिलअमीनच्या उपस्थितीत टर्मिनल अल्काइन आणि कॅटेकोलबोरेन यांची अभिक्रिया घडवता येते. तेथे टर्मिनल हायड्रोजन शेजारच्या कार्बनवर सरकतो आणि बोरॉन साखळीच्या बाजूला येतो.

तीन गट असलेल्या दुहेरी बंधांसाठी, विशेषतः टर्पिनसारख्या रेणूंत सतत दिसणाऱ्या मेथिल-युक्त बंधांसाठी, नेगिशी यांचे झिर्कोनियम-उत्प्रेरित कार्बो-ॲल्युमिनेशन आजही अव्वल आहे. ट्रायमेथिल-ॲल्युमिनियम आणि झिर्कोनोसीन डायक्लोराइड यांच्या साहाय्याने टर्मिनल अल्काइनवर मेथिल आणि ॲल्युमिनियम एकाच बाजूने जोडले जातात आणि शेवटी आयोडीन घातल्यावर भूमिती निश्चित असलेले व्हिनिल आयोडाइड हाती येते. ट्रायमेथिल-ॲल्युमिनियम हवेत आपोआप पेट घेते, त्यामुळे हे काम कोणा अनुभवी माणसाच्या शेजारी उभे राहूनच शिकावे.

यानंतरचे कपलिंग तुलनेने सरळ असते. सुझुकी, नेगिशी किंवा स्टिल कपलिंगमध्ये पॅलेडियम व्हिनिल हॅलाइडच्या बंधात भूमिती राखून शिरते, गटांची अदलाबदल भूमिती राखून होते आणि शेवटी दोन तुकडे भूमिती राखूनच जोडले जातात. या क्षेत्रासाठी हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना २०१० चे नोबेल पारितोषिक मिळाले. झेड-व्हिनिल आयोडाइड आणि संयुग्मित डाईन (एकाआड एक दोन दुहेरी बंध असलेली संयुगे) यांच्या बाबतीत मात्र उच्च तापमान आणि लांबलेला वेळ टाळावा. कपलिंग पूर्ण झाल्यावरही पॅलेडियम त्याच फ्लास्कमध्ये असते आणि तयार डाईनची भूमिती हळूहळू ढिली करू शकते.

हेक अभिक्रिया या घरातील असली तरी तिचा स्वभाव वेगळा आहे: तेथे भूमिती वारशाने येत नाही, ती अभिक्रियेतच घडते. आयोडोबेंझीन आणि मेथिल ॲक्रिलेट घेतले, तर पॅलेडियम आणि फेनिल एकाच बाजूने जोडले जातात, मग एकेरी बंध फिरतो आणि पॅलेडियमच्या बाजूला आलेला हायड्रोजन निघून जातो. निघून जाताना फेनिल आणि एस्टर यांची गर्दी कमीत कमी राहील अशीच ठेवण पसंत केली जाते, म्हणून जवळजवळ फक्त ई-मेथिल सिनॅमेट मिळते.

पाचवी पायरी: मेटॅथेसिस

मेटॅथेसिसमध्ये दोन अल्कीन आपापले अर्धे भाग बदलतात. शोवाँ यांनी धातू-कार्बीन आणि चार अणूंची धातू-युक्त कडी अशी यंत्रणा मांडली आणि २००५ चे नोबेल त्यांना ग्रब्ज व श्रॉक यांच्यासह मिळाले. नवख्याने ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की ग्रब्ज दुसऱ्या पिढीचा उत्प्रेरक तयार झालेल्या अल्कीनलाही पुन्हा पुन्हा हाताळतो, म्हणून येथे प्रमाण हळूहळू समतोलाकडे सरकते. साध्या साखळीच्या अल्कीनमध्ये यामुळे ई-समघटक जास्त असलेले, पण शुद्ध नसलेले मिश्रण मिळते. मोठ्या कड्या बंद करताना तर कोणता समघटक जास्त येईल हे कडीच्या ताणावर ठरते आणि त्याचा अंदाज बांधणे कठीण असते.

झेड हवा असेल तर गतीवर नियंत्रण असलेले उत्प्रेरक लागतात. श्रॉक आणि होवेदा यांचे मॉलिब्डेनम उत्प्रेरक आणि ग्रब्ज यांच्या गटाने २०११ मध्ये आणलेले, ॲडमँटिल गट धातूला बांधलेले रुथेनियम उत्प्रेरक यांत एकच कल्पना आहे: धातू-युक्त कडीच्या एका बाजूला एवढा मोठा लिगँड ठेवायचा की कडीवरील सर्व गटांना दुसऱ्याच बाजूला जावे लागेल. दोन्ही गट एका बाजूला आले की कडी फुटताना झेड-अल्कीन बाहेर पडते. हे उत्प्रेरक वापरताना तयार होणारे एथिलीन निर्वाताने काढत राहावे आणि अभिक्रिया शेवटच्या टक्क्यापर्यंत ओढू नये, कारण प्रारंभिक अल्कीन संपत आले की उत्प्रेरक उत्पादिताकडेच वळतो. डायथायोलेट लिगँड असलेले रुथेनियम उत्प्रेरक आणखी वेगळे आहेत. ते झेडपासून झेड आणि ई-पासून ई देतात, मात्र टर्मिनल अल्कीनबरोबर त्यांचे फारसे जमत नाही.

मोठ्या कडीत झेड दुहेरी बंध हवा असेल, तर मी आडवळणाचा मार्ग सुचवेन: अल्काइन मेटॅथेसिसने आधी कडी बंद करावी आणि मग तिहेरी बंधाचे लिंडलर हायड्रोजनीकरण करावे. एक टप्पा वाढतो, पण भूमिती निश्चित असते. एपोथिलोन या मोठ्या कडीच्या नैसर्गिक संयुगाच्या संश्लेषणात फ्युर्स्टनर यांनी हीच वाट यशस्वीपणे वापरली.

सहावी पायरी: जी भूमिती आहे ती बदलणे

ई-कडे जाणे हा उतार आहे, म्हणून त्याला अनेक धातू मदत करतात. ॲसिटोनायट्राइल असलेले पॅलेडियम क्लोराइड संकुल ॲरिल अल्कीनमध्ये झेडचे ई करते. उलट, ई-पासून झेडकडे जाणे हा चढ आहे आणि कोणताही उत्प्रेरक एकट्याने समतोलाविरुद्ध चढू शकत नाही. ऊर्जा बाहेरून द्यावी लागते. दृश्य प्रकाशात इरिडियमचे ट्रिस-फेनिलपिरिडिन संकुल ही ऊर्जा स्टायरीनसारख्या ई-अल्कीनला देते. ई-समघटक सपाट असल्याने ऊर्जा सहज स्वीकारतो, तर झेड-समघटकात गर्दीमुळे ॲरिल कडी वळलेली असते आणि तो ती स्वीकारत नाही, म्हणून झेड साठत जातो. साध्या अल्किल साखळीला ही युक्ती चालत नाही, कारण तिची ट्रिपलेट (उत्तेजित अवस्थेची) ऊर्जा उत्प्रेरकाच्या आवाक्याबाहेर असते.

सातवी पायरी: मोजणे

अंदाजाने काम करू नये. दोन हायड्रोजन असलेल्या दुहेरी बंधात प्रोटॉन एनएमआरमधील जे-मूल्य (त्या दोन हायड्रोजनमधील युग्मनाचे माप) झेडसाठी साधारण १० ते १२ हर्ट्झ आणि ई-साठी १५ ते १७ हर्ट्झ असते. वरच्या मेथिल सिनॅमेटमध्ये ते १६ हर्ट्झ दिसते. ३-हेक्झीन-१-ऑलसारख्या संयुगात अल्कीनचे सिग्नल एकमेकांवर चढतात आणि जे-मूल्य मोजता येत नाही. अशा वेळी कार्बन एनएमआरकडे वळावे. दुहेरी बंधाशेजारच्या कार्बनचा सिग्नल झेडमध्ये सुमारे ५ पीपीएम वर, म्हणजे कमी मूल्याला, सापडतो. या संयुगात एथिल गटातील तो कार्बन झेडमध्ये २० ते २१ आणि ई-मध्ये २५ ते २६ पीपीएमच्या आसपास असतो. इन्फ्रारेडमध्ये ९६० ते ९७० प्रति सेंटिमीटरला दिसणारी पट्टी ई-ची खूण आहे. तीन गट असलेल्या अल्कीनसाठी जे-मूल्य मिळतच नाही, तेथे एनओई प्रयोग (अवकाशात जवळ असलेले हायड्रोजन ओळखणारा एनएमआर प्रयोग) करावा. चांदीचे नायट्रेट लावलेल्या सिलिकाच्या प्लेटवर झेड-समघटक चांदीला घट्ट धरतो आणि मागे राहतो, त्यामुळे दोघे वेगळे होतात. ही प्लेट अंधारात ठेवावी.

प्रमाण नेहमी कच्च्या मिश्रणात, कॉलमपूर्वी (स्तंभातून शुद्ध करण्याआधी) मोजावे. कॉलमनंतर मोजलेले प्रमाण अभिक्रियेचे नसते, ते अभिक्रिया आणि आपली गोळा करण्याची पद्धत या दोघांचे मिळून असते.

आठवी पायरी: प्रमाण बिघडले तर

येथेच लोक घाईने उत्प्रेरक बदलतात. त्याआधी एकच प्रयोग करावा: अभिक्रिया पुन्हा लावून १०, ३०, ६०, ९० टक्के रूपांतरणाच्या आसपास नमुने काढावेत आणि प्रत्येकात ई आणि झेड यांचे प्रमाण मोजावे.

प्रमाण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखेच वाईट असेल, तर दोष भूमिती घडवणाऱ्या टप्प्यात आहे. तेव्हा लिगँड, धातू किंवा मार्गच बदलावा. सुरुवातीला ९८:२ असलेले प्रमाण शेवटी ८५:१५ पर्यंत घसरले असेल, तर उत्प्रेरक चांगला आहे आणि बिघाड नंतरचा आहे. अशा वेळी बहुधा धातू-हायड्राइड दुहेरी बंधावर जोडला जातो, बंध फिरतो आणि हायड्राइड पुन्हा निघून जातो. तसे होताना बंध कधीकधी साखळीवर सरकतोही. लिंडलरमध्ये लवकर थांबणे, क्विनोलिन वाढवणे आणि उत्प्रेरक कमी करणे हे उपाय आहेत. मेटॅथेसिसमध्ये विघटित रुथेनियमपासून तयार होणाऱ्या हायड्राइडमुळे दुहेरी बंध सरकत असेल, तर १,४-बेंझोक्विनोन थोड्या प्रमाणात घालून तो आवरता येतो. शंका राहिली तर शुद्ध झेड-अल्कीन घेऊन त्याच परिस्थितीत, थोडे अल्काइन घालून आणि न घालता, असे दोन फ्लास्क लावावेत. कोणत्या फ्लास्कमध्ये प्रमाण हलते यावरून अल्काइनचे संरक्षण किती काळ पुरते हे स्पष्ट कळते.

तिसरी शक्यता अशी की अभिक्रियेच्या शेवटच्या नमुन्यात प्रमाण उत्तम होते आणि एनएमआर नळीत ते बिघडले. ड्युटेरोक्लोरोफॉर्ममध्ये आम्लाचा अंश असतो आणि झेड-डाईन किंवा झेड-स्टिल्बीन त्यात काही तासांत बदलू शकतात; नमुना ड्युटेरोबेंझीनमध्ये घ्यावा किंवा क्लोरोफॉर्म आधी बेसिक ॲल्युमिनामधून गाळावा. कॉलमच्या सिलिकात थोडे ट्रायएथिलअमीन घालावे, वेगळे केलेल्या संयुगात पॅलेडियमचा अंश राहू देऊ नये आणि बाटली गडद रंगाची घेऊन ती थंड जागी, नायट्रोजनखाली ठेवावी. महिन्याभराने ते संयुग पुढच्या टप्प्यात वापरण्यापूर्वी त्याचा प्रोटॉन एनएमआर पुन्हा घ्यावा आणि जुन्या आलेखाशेजारी ठेवून पाहावा.